कानामागचं बटन

हात काढ. ए बाई, हात काढ तिथून! लेकराच्या कानामागं काय चाचपायलीस? मी मघापासून बघायले. बाळ दूध प्यायलंय आन् तुझा अंगठा खाली-वर, खाली-वर. काढ म्हणले ना!

आता रडू नको. माझा आवाजच तसला हाय, त्याला काय करणार. सरक जरा, बसू दे मला बाकावर. नाव काय तुझं? महादेवी. देगलूरकडची का? बोलण्यावरून वाटलंच. आन् कागदं घेऊन ह्या खिडकीवरून त्या खिडकीला पळायलाय तो तुझा मालक? मन्मथ. बरं हाय, पळणारा तरी हाय. बाळाचे टाके बी सुकले न्हाईत अजून, आन् तू बटन दाबायलीस! कुणी शिकवलं? शेजारच्या खाटेवरच्या बाईनं? त्या बाईच्या... जाऊ दे, दवाखान्यात शिव्या देऊ नयेत.

ऐक आता. माझी अर्शी आत गेलीय तपासायला, तिच्या अब्बाबरोबर. ती भाईर यायच्या आत तुला सगळं सांगते. तिच्या म्होरं ह्यातलं अक्षर बी काढायचं न्हाई. कबूल? नुस्ती मान हलवू नको, तोंडानं म्हण. हां.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. भूकंपात घर बसलं, सासूबाई त्याच्यात गेल्या, आन् मी पोटुशी. पत्र्याच्या शेडमधी थंडीच्या दिवसात अर्शी झाली. नाकीडोळी चांगली, पण डोकं वाढायलं. अंग तेवढंच, डोकं वाढायलं. टाळू टम्म फुगलेली, बुबुळं खाली वळलेली. बाया म्हणायच्या, भूकंपाचं भेव पोटातल्या लेकराच्या डोक्यात बसलं. कुणी म्हणे ताईत बांध, कुणी म्हणे पत्र्याची गरमी लागली. मला तर काही सुचत न्हवतं. आधीच घर गेलेलं, त्यात हे, दुष्काळात तेरावा महिना. तवा मदतीला भाईरून लई डॉक्टर आले होते. त्यातल्या एका पोरसवदा डॉक्टरनं अर्शीला बघितलं आन् स्वतःच्या गाडीत घालून आम्हाला सोलापूरला नेलं. डोक्यात पाणी साचायलंय म्हणला. नळी घातली. डोक्यातून कानामागं, तिथून मानेतून, छातीवरून पोटात, सगळं कातडीखालून. जास्तीचं पाणी पोटात उतरायचं आन् अंगात जिरायचं. तुझ्या बाळाला घातलीय तसलीच.

निघताना त्या पोरानं अर्शीच्या अब्बाचा अंगठा धरला आन् कानामागच्या त्या टणक गाठीवर ठेवला. "चाचा, हळूच दाबा. खाली गेलं? सोडा. वर आलं? म्हणजे चालू आहे. कधी शंका आली तर असं बघायचं, आणि लगेच आमच्याकडं यायचं." चांगल्या मनानं सांगितलं बिचाऱ्यानं. *कधी शंका आली तर*, असं म्हणला होता. मी तिथंच उभी होते, मी ऐकलंय.

पण माझा मालक पडला स्टोव्ह रिपेरवाला! पाशामियाँ स्टोव्हवाले. वात असो का पंप असो, पितळी असो का पत्र्याचा, ह्यांनी मांडीवर घेतला की स्टोव्ह सुतासारखा सरळ. ह्यांनी डॉक्टरला विचारलं, "साहेब, आत काय असतं हो?" तो म्हणला, "बारीक वॉल असतो चाचा. पाणी खाली जाऊ देतो, माघारी येऊ देत नाही." झालं! ह्यांचं तोंड असं खुललं म्हणून सांगू, घर पडल्यापासून पहिल्यांदा हसले असतील. "अख्तरी, अगं ही तर आपल्या पंपातलीच वॉल! हवा आत जाती, भाईर येत न्हाई!" मला बी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतके दिवस ते नुस्ते डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत बसायचे, हात चोळत. आता त्यायला हाताला काम मिळालं.

भूकंपानं आम्हाला लातुरात आणलं आन् क्लासवाल्यांनी जगवलं. तुला ठाऊक असंल, लातूर म्हणजे पोरायचा बाजार. चाकूरचे, कंधारचे, बिलोलीचे, कुठून कुठून पोरं यायचे डॉक्टर-इंजिनियर व्हायला. एका खोलीत चार-चार जण, आन् खोलीत एक स्टोव्ह. पुस्तकात मान घालून भात करपवायचे, घासलेटात पाणी घालायचे, निप्पलमधी, जाळ निघतो त्या बारीक भोकात, खिळे कोंबायचे. आम्ही गल्लीत भाड्याचं घर घेतलं, म्होरल्या खोलीत ह्यांचं दुकान. माडीवरची पत्र्याची खोली क्लासच्या पोरीयला भाड्यानं द्यायचो. हे सगळं झालं त्या वर्सी बिलोलीची ऋतुजा होती, बारावी सायन्स, चष्मेवाली, बोलायला गोड.

अर्शी मोठी झाली. डोकं अंगाच्या मापात आलं, केसायनं सगळं झाकलं. रोज सकाळी नमाज पढून आले की हे दारातल्या पाटावर बसायचे आन् अर्शी पळत जाऊन ह्यांच्या गुडघ्यात डोकं द्यायची. "अब्बा, बटन!" हे बिस्मिल्ला म्हणायचे आन् अंगठ्यानं पंप मारायचे. हाव, पंपच. नुस्तं बघणं न्हाई. कचरा बसू नये म्हणून रोज थोडा पंप मारायचा, हे ह्यांचं स्वतःचं डोकं. स्टोव्ह ठेवून दिला की चोक होतो, वापरात राहिला की होत न्हाई, म्हणायचे. पंप मारून झाला की टाळूवर टिचकी आन् "चालू हाय!" मग पोरगी चहा-पाव खायला मोकळी. ईद असो का ताप असो, ते चुकलं न्हाई कधी. लोकायच्या घरात लेकरायला सकाळी दूध असतं, आमच्यात बटन होतं.

सोलापूरला जायचो की आम्ही. पहिले काही वर्षं गेलो. तो डॉक्टर गेला कुठं तरी, दुसरा आला, त्यानं बघितलं, म्हणला छान आहे, वर्षातून एकदा दाखवा. पुढं जून महिना आला की नवे पोरं, नवे स्टोव्ह, दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. मी म्हणायचे, अहो, सोलापूर. हे म्हणायचे, "हातच्या काकणाला आरसा कशाला? वर्षातून एकदा त्यो बघणार, मी रोज बघायलो." मी जास्त बोलले तर, "तू चूल बघ, वॉलमधलं तुला काय कळतंय." मी गप बसायचे. वॉलमधलं मला खरंच काही कळत न्हवतं बाई.

पोरगी हुशार निघाली. बापाच्या बाजूला बसून स्टोव्हच्या पिना निवडायची. केसासारखी बारीक तार असती त्या पिनेला, निप्पलच्या भोकात अचूक घालायची. गिऱ्हाईक पोरं कौतुकानं बघायचे. ऋतुजा तिला गणितं घालायची, ही बोटं न मोजता सांगायची. मला वाटायचं, जगली-वाचली, हिला बी ह्या क्लासातल्या पोरीसारखी पाठीवर दप्तर अडकवून जाताना बघीन. आई हाय, वाटणारच.

नववं-दहावं वरीस लागलं तवाची गोष्ट. अंगानं एकदम उभी वाढली. एका वर्साचा सलवार दुसऱ्या वर्सी नडगीवर यायचा. मी परत परत शिवण उसवायचे आन् खूष व्हायचे, पोरगी फोफावली म्हणून. आन् त्याच साली एक दिवस हे बटन दाबता दाबता थांबले. परत दाबलं. मला हाक मारली, "अख्तरी, इकडं ये, हात लाव. कसा कडक झालाय बघ!"

मी हात लावला. आधी मऊ होतं ते, पिकल्या बोरावानी. आता दाबायला जोर लागायला.

मी म्हणले, "असं कामून झालं हो?"

तर हे हसले! "येडी हायस का? पंप कधी कडक लागतो? टाकी भरल्यावर. मऊ पंप म्हंजे वायसर गेलेलं. आता कुठं खरी हवा धरली ह्यानं." आन् अर्शीच्या टाळूवर टिचकी मारून म्हणले, "कडक हाय!"

त्या दिवसापासून 'चालू हाय' गेलं आन् 'कडक हाय' आलं. पोरगीला लई आवडला तो शब्द. कुणी विचारलं, कशी हायस गं, तर म्हणायची, "कडक!" गल्लीत हसायचे सगळे. मी बी हसले. तूच सांग, हसू न्हाई तर काय करू? ज्या घरात बापाचा शब्द खरा, त्या घरात बायको हसतीच.

मग सकाळी उठली की डोकं दुखायलंय म्हणायला लागली. वकायची, आन् वकली की बरं वाटायचं. मी म्हणले पित्त हाय, रात्री मिरचीचा ठेचा खाती. सुंठ-साखर दिली. हे काय करायचे, तर डोकं दुखायलंय म्हणली की आणखी पंप मारायचे. घाम येईस्तोवर मारायचे. पोरगी कळ सोसून बसायची, दात दाबून, बाप करायलाय तर चांगलंच करायलाय.

गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं मी, ह्यायलाच घेऊन. सर्दी-तापाचा डॉक्टर, पण भला माणूस. त्याला सांगितलं, डोक्यात नळी हाय म्हणून. तो लगेच म्हणला, मग नळीचं तर काही नाही ना झालं? आन् माझा हा शहाणा! त्याच्या म्होरं पोरीचे केस बाजूला सारले, दाबून दाखवलं. "डॉक्टरसाहेब, रोज तपासतो मी. लई वर्सं झाले. नळी एकदम कडक हाय." असा बोलला की डॉक्टरला बी वाटलं ह्याला ह्यातलं कळतंय. पित्ताचं औषध दिलं. एवढा विश्वासानं बोलणारा माणूस म्होरं असल्यावर कोण काय बोलणार?

ऋतुजानंच पहिल्यांदा म्हणलं. माडीवरून खाली येऊन माझ्याजवळ बसली, हळूच म्हणली, "चाची, अर्शी गणित तोंडी बरोबर सांगती, पण पाटीवर लिहिताना आकड्यावर आकडा लिहायली. तिला दिसायलंय का नीट?" मी चष्म्याच्या दुकानात नेलं. त्यानं नंबर काढला, चष्मा दिला. पोरगी चष्मा घालून ऋतुजासारखी दिसायली, खूष झाली. आन् तिकडं हे गिऱ्हाइकाला सांगायचे, "माझी पोरगी डोळे झाकून पिन घालती भोकात. बघा, बघा, भोकाकडं बघत बी न्हाई!" खरंच बघत न्हवती ती. बोटानं चाचपून घालायली. डोळे नुस्ते उघडे होते. आन् हे टाळ्या वाजवायले.

तवा लोडशेडिंग लई होतं. घरात अंधार असला, ती ठेचाळली, तर आम्ही म्हणायचो, लाईट न्हाई ना, सांभाळून. तिला बी वाटायचं लाईट न्हाई म्हणूनच. एक दिवशी मी दारात ज्वारी निवडत बसले होते, उन्हाळ्याचे दिवस, ऊन असं की डोळे दिपावेत. ही आतून भिंत धरत आली, उंबऱ्यात उभी राहिली, तोंडावर सगळं ऊन. आन् म्हणली, "अम्मी, आज लाईट आलीच न्हाई का? कंदील लाव की."

सूप पडलं माझ्या हातातलं.

मी उठले. तिच्या डोळ्याम्होरं हात हलवला, पापणी बी हलली न्हाई. हे दुकानात स्टोव्हला पंप मारायले होते, फस्-फस् आवाज यायलाय. मी दारातून नुस्तं ह्यायच्याकडं बघितलं. पंप थांबला.

ऋतुजाच्या मामाला नांदेडचे डॉक्टर माहीत होते, डोक्याचं ऑपरेशन करणारे. तिनं शेजारच्या दुकानातून फोन लावला, आन् आम्ही बस धरली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं. पोरगी माझ्या मांडीवर, अर्धी झोपेत, अर्धी वकत. हे समोरच्या सीटवर उलटे बसलेले, हात लांब करून तिचं बटन दाबायचे, थांबायचे, दाबायचे. कंडक्टर म्हणला, मियाँ, सरळ बसा. तरी न्हाई. मला म्हणले, "कडक हाय अख्तरी. घाबरू नको. नळी चालू हाय, डोळ्याचं दुसरं काहीतरी असंल." माझा तर इतका विश्वास होता त्या अंगठ्यावर, की मी मान हलवली.

हेच डॉक्टर. आत बसलेत तेच. त्यांनी छातीपोटाचा फोटो काढायला लावला, उजेडावर धरला. मला बी दिसली नळी, पांढऱ्या दोरीसारखी. मानेतून खाली यायली, आन् बरगड्यापाशी संपली. पोटात न्हवतीच.

डॉक्टर म्हणले, "बाळ होती तेव्हा घातलेली नळी आहे ही. लेकरू वाढलं, नळी तेवढीच राहिली. वर ओढली जाऊन पोटातून बाहेर आलीय. खालचं तोंड मांसात अडकून बंद झालंय. डोक्यात पाण्याचा दाब किती महिन्यांपासून वाढलेला असेल."

मी ज्याच्यावर खूष होते ना बाई, पोरगी फोफावली म्हणून, सलवार उसवून उसवून, ते हे होतं.

ह्यांनी फोटोकडं बघितलं. मग हळूच म्हणले, "पण साहेब, बटन तर कडक होतं. रोज बघत होतो मी."

डॉक्टरनं वर बघितलं. चिडले न्हाईत, तेवढं मला आठवतंय. म्हणले, "मऊ होतं ते कडक झालं ना? कधीपासून?"

"वर्ष झालं असंल."

"खालून वाट बंद झाली म्हणून कडक झालं. पाणी जाणार कुठं?"

आन् महादेवी, तुला सांगते, त्या माणसाला ते त्याच दमात कळलं. डॉक्टरला आणखी एक शब्द बोलावा लागला न्हाई. हे भिंतीला टेकले आन् स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणले, "निप्पल चोक असलं की बी पंप कडकच लागतो." उभी हयात हेच करत आले. गिऱ्हाइकाला शिकवायचे, पंप कडक लागतोय आन् जाळ न्हाई, म्हंजे पुढं चोक हाय, पंप मारू नका, फुटंल. गल्लीतल्या शेंबड्या पोराला बी ठाऊक होतं ते. आन् स्वतःच्या लेकराला...

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. नवी नळी घातली, लांब, पोटात वेटोळं करून ठेवली, वाढायला जागा राहावी म्हणून. पोरगी शुद्धीवर आली, जेवायला मागितलं. मला वाटलं सुटलो. तर कुठलं! ताप भरला, टाके पिकले, नळीत जंतू झाले म्हणले. परत सगळी काढली. डोक्यातून पाणी भाईर काढायला बाटली लावली, खाटेला एका ठराविक उंचीवर बांधलेली. सिस्टरनं बजावलं, बाटली वर न्हाई, खाली न्हाई, हात लावायचा न्हाई. हे खाटेपाशी स्टुलावर बसायचे, दोन्ही हात मांडीखाली घालून. दिसभर. कुणी चहा आणून दिला तरी हात काढायचे न्हाईत. मीच पाजायचे. मी बोलणंच सोडलं होतं ह्यायच्याशी. जंतू गेल्यावर परत नवी नळी घातली. जीव वाचला पोरीचा. डॉक्टर म्हणले, डोळ्याची नस सुकली, ती काही परत येणार न्हाई. थोडा उजेड-अंधार कळंल. बस.

घरी आलो. पोरीनं भिंती, चूल, मोरी, सगळं हातानं परत शिकून घेतलं. मी रात्रंदिवस एकच ठरवून होते. पोरीला एक दिवस सांगणार. तुझे डोळे कुणी घेतले ते सांगणार. तुझ्या बापाच्या अंगठ्यानं घेतले, त्याच्या गर्वानं घेतले. आपलेच दात आन् आपलेच ओठ, माहीत हाय मला, तरी सांगणार होते. का न्हाई सांगू? सगळं गाव त्याच्यावर दया करायचं, पाशामियाँचं काय वाईट झालं बघा. पाशामियाँचं? वाईट माझ्या पोरीचं झालं! जिभेच्या टोकावर होतं ते, सकाळ-संध्याकाळ. पाणी पिताना बी वाटायचं आता निसटंल.

हे सकाळी नमाजला जायचे आन् ती शाळेत... शाळा कसली, ती उठून, न्याहारी करून शेजारणीकडं जाईस्तोवर माघारी यायचेच न्हाईत. दुकान उघडायचे, स्टोव्ह दुरुस्त करायचे, पण पंप मारून बघायचे न्हाईत. गिऱ्हाइकाला म्हणायचे, तुम्हीच मारा. पंपाचा आवाज आला की तोंड फिरवायचे. मी चहाला मुद्दाम स्टोव्ह पेटवायचे. चूल असताना. हाव, मुद्दाम. मी काही पीराची औलाद न्हाई.

मग एक दिवशी पोरगी अंधारातच उठली. तिला काय अंधार आन् काय उजेड. जाऊन दारातल्या पाटापाशी बसून राहिली. हे मशिदीच्या कोपऱ्यावर बसून बसून कंटाळून आले असतील. गल्लीत खोकला वाजला आन् तिनं बरोबर तिकडं तोंड केलं.

"अब्बा, बटन."

हे तिथंच उभे.

"अब्बा, लई दिवस झाले तुम्ही बटनच बघितलं न्हाई. नवीन हाय ना हे? बघा की."

ती उठली, हात म्होरं धरून चालत गेली, ह्यायचा हात शोधला. तोच हात, तोच अंगठा. ओढत पाटावर आणून बसवलं आन् गुडघ्यात डोकं दिलं. हात स्वतः उचलून कानामागं ठेवला. मी चुलीपाशी, चिमटा हातात. म्हणले, आज. आता. ही वेळ हाय. आता ह्यानं दाबू दे, न्हाई तर रडू दे, मी सांगणार.

ह्यांनी दाबलं न्हाई. तळवा उघडा करून नुस्ता केसावर ठेवला.

"कडक हाय का, अब्बा?"

मान वर करून विचारलं तिनं. हसत. त्या बिनकामाच्या डोळ्यानं ह्यायच्या तोंडाच्या जरा बाजूला बघत. तिच्यासाठी त्या शब्दाचा एकच अर्थ होता ना बाई. आपण बरे हावोत, बाप खूष हाय.

ह्यायच्या तोंडून 'क' बी फुटंना. तिचं हसू थोडं थोडं उतरायलं. "अब्बा? न्हाई का कडक? परत बिघडलं का?"

आन् मी बोलले. इतक्या महिन्याचं जे तोंडात धरून बसले होते, ते सोडून दुसरंच निघालं.

"कडक हाय गं!" मी चुलीपासून वरडले. "एकदम कडक हाय. ऊठ, चहा निवायलाय."

ती हसली, उठली, भिंत धरून चहाला आली. हे तिथंच बसून राहिले, तोंडावर टॉवेल धरून. त्या दिवशी मी ह्यायच्या म्होरं चहाचा कप ठेवला आन् 'घ्या' म्हणले. तेवढंच. माफ केलं का, मला विचारू नको. मला ठाऊक न्हाई. काही दिवस सकाळी करते, दुपारी परत घेते माघारी.

पण तवापासून रोज हेच चाललंय. ती डोकं देती, हे हात ठेवतेत, दाबत न्हाईत. आन् मी चुलीपासून वरडते. डोकं दुखलं, वकली, जरा झोपाळली की, बटन मऊ-कडक वाटो न वाटो, आम्ही बस धरतो आन् इथं येतो. तू बी तेच कर. अंगठ्याला विचारू नको, डॉक्टरला विचार. आन् लेकरू उंच वाढायलं की नुस्ती खूष होऊ नको, फोटो काढायला लाव.

गप. दार वाजलं. ती बघ, ह्यायचा हात धरून यायलीय. पदरानं तोंड पूस आधी. तिला लेकरं लई आवडतेत, मांडीवर मागंल, तर दे. कानामागं हळूच हात लावंल ती, सवय हाय. आन् विचारंल तुला, मावशी, ह्याचं कडक हाय का म्हणून.

काय सांगायचं, कळलं न्हवं?